साखरपुड्याचे चारशे फोटो आणि ट्यूबलाइटचा हिरवा रंग

गिरगावातून एका ताईंनी विचारलंय: भाचीचा साखरपुडा चाळीतल्या घरीच झाला. फोटोग्राफर बोलावला नव्हता, म्हणून मोबाइलवर आणि भावाच्या जुन्या डीएसएलआरवर मिळून चारएकशे फोटो त्यांनीच काढले. आता बघतात तर फोटो मळकट दिसताहेत, चेहरे हिरवट आलेत, आणि अ‍ॅपमधला फिल्टर लावला की माणसं मेणाची वाटायला लागतात. त्यांचे प्रश्न तीन. फोटोशॉप शिकावं लागेल का? मुलाकडचे म्हणतात ‘मुलगी जरा उजळ करा’, ते कसं करायचं? आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर आणि दोरीवरचे कपडे पुसायचे कसे? सोबत एक नमुन्याचा फोटोही त्यांनी पाठवला आहे.

ताई, तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण मधे बरंच सांगायचं आहे. ते वाचलंत तर तिसरा प्रश्न कदाचित तुम्हालाच बदलावासा वाटेल.

दादरला माझा स्टुडिओ आहे. १९९३ पासून हेच काम करतोय आणि पहिली काही वर्षं डार्करूममध्ये गेली. लाल दिव्याखाली उभं राहून कृष्णधवल प्रिंट काढायचो. एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा, उजेड कागदावर पडत असताना चेहऱ्यावर दोन सेकंद हात आडवा धरला की प्रिंटमध्ये तेवढा चेहरा उजळ यायचा. आभाळाला चार सेकंद जास्त दिले की आभाळ गडद व्हायचं. मोबाइलवर ‘शॅडोज’ आणि ‘हायलाइट्स’ या नावाच्या पट्ट्या आपण बोटाने सरकवतो, त्यांचं मूळ काम हेच. कुठे प्रकाश थोडा वाढवायचा, कुठे थोडा आवरायचा. एडिटिंग शिकणं म्हणजे शंभर बटणं पाठ करणं, असा समज नव्या माणसाला घाबरवतो. मी ज्यांना शिकवलं त्यांना पहिला महिना चारच पट्ट्या हलवू दिल्या, आणि त्या चारांत त्यांचं नव्वद टक्के काम झालं.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आत्ता फोटोशॉप नको. ते १९९० मध्ये बाजारात आलं आणि आजही एका चित्रावर दुसरं चित्र बेमालूम बसवायला त्याच्या तोडीचं क्वचितच काही आहे. पण तुमच्या कामाला ती ताकद लागत नाही, आणि ते शिकण्यातच उत्साह संपतो. मोबाइलवर स्नॅपसीड घ्या, फुकट आहे. डीएसएलआरचे फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, असतील तर कॉम्प्युटरवर डार्कटेबल किंवा रॉथेरपी घ्या, ही दोन्हीही फुकट आहेत. महिन्याला पैसे भरायची तयारी असेल तर लाइटरूम सगळ्यांत सुटसुटीत. यातलं कुठलंही एक निवडा आणि सहा महिने तेच वापरा. चार अ‍ॅप आलटून पालटून वापरणाऱ्याला पट्ट्यांची नावं येतात, पण हात बसत नाही.

एडिटिंगच्या आधी निवड. चारशे फोटोंपैकी चाळीसच ठेवायचे आहेत, असं मनाशी पक्कं करून बसा. पहिल्या फेरीत भरभर बघत जा आणि डोळे मिटलेले, हललेले, कुणाचा तरी हात आडवा आलेला असे फोटो बाजूला काढा. एका फोटोला दोन सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका. मग एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या फेरीत एकाच क्षणाचे पाच फोटो शेजारी ठेवून एकच निवडा. निवडताना आधी डोळे बघा, मग हात. ओटी भरतानाच्या फोटोत हात महत्त्वाचे असतात, चेहरा थोडा वळलेला असला तरी चालतो. घरच्या कार्यात आणखी एक पथ्य असतं: प्रत्येक आत्या, मावशी, काका आणि शेजारच्या आजी निदान एका चांगल्या फोटोत असायलाच हव्यात. नाहीतर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं, आणि त्यांचं चुकीचंही नसतं. नवशिके चारशेच्या चारशे फोटो एडिट करायला घेतात, तिसाव्या फोटोला कंटाळतात आणि मग एकच फिल्टर सगळ्यांना फासतात. मेणाची माणसं बहुतेक वेळा या कंटाळ्यातून येतात.

निवडलेल्या फोटोंना हात लावण्याआधी मूळ फोटोंची पूर्ण प्रत वेगळ्या जागी ठेवा. एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्क, आणि एक प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर कित्येक महिने माझ्याकडे लोक चिकटलेले, चिखलाने माखलेले अल्बम घेऊन येत होते. काही फोटो पाण्यात अलगद भिजवून सुटे झाले, बऱ्याच फोटोंचे चेहरे काचेला आणि समोरच्या पानाला चिकटून निघून गेले. तळमजल्यावरच्या एकाच कपाटात सगळं ठेवल्याचा तो परिणाम होता. डिजिटल फोटोचं कपाट म्हणजे तुमचा एकुलता एक मोबाइल.

जेपीईजी, म्हणजे फोटो दाबून लहान करून साठवणाऱ्या नेहमीच्या फाइलबद्दल इथेच सांगतो. ती फाइल उघडून, बदलून पुन्हा सेव्ह केली की दरवेळी थोडी माहिती गळते. एकदोनदा कळत नाही, पण दहा वेळा केलंत तर भिंतीवर आणि गालांवर चौकोनी ठोकळे दिसू लागतात. म्हणून एडिटिंग नेहमी मूळ फाइलवरून सुरू करायचं आणि नव्या नावाने सेव्ह करायचं. एडिट केलेल्या प्रतीवर पुन्हा एडिट करत बसू नये.

आता स्क्रीन. बऱ्याच मोबाइलवर ‘व्हिव्हिड’ नावाचा रंगांचा पर्याय चालू असतो, त्यात सगळंच भडक दिसतं. तो ‘नॅचरल’ करा. रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय बंद करा, ब्राइटनेस आपोआप कमीजास्त होणंही बंद करा आणि तो मध्यावर ठेवा. माझा एक धडा सांगतो. सुरुवातीच्या काळात माझा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर असायचा. एका लग्नाचे साठ प्रिंट मी त्यावर बघून छान उजळ केले आणि छापून आणले तर सगळे अंधारे. लॅबचा काहीच दोष नव्हता. मॉनिटर स्वतःच उजेड ओतत होता, त्यामुळे फोटोतला अंधार मला दिसलाच नाही. साठही प्रिंट मी माझ्या खर्चाने पुन्हा काढले. तेव्हापासून कुठलंही मोठं काम छापण्याआधी चार बाय सहाचे दोन प्रिंट आधी काढून खिडकीच्या उजेडात बघतो.

आता तुमचा फोटो घेऊ. भाची पाटावर बसली आहे, अंगावर जांभळी पैठणी, नाकात नथ. तिच्या डाव्या हाताला गॅलरीचं दार उघडं आहे आणि तिथून दिवसाचा उजेड येतोय. डोक्यावर ट्यूबलाइट, पुढ्यात पेटलेली समई. एका खोलीत तीन तऱ्हेचे प्रकाश. मुंबईतल्या जुन्या घरांत हे नेहमीचंच आहे, आणि तुमचे निम्मे प्रश्न यातूनच आले आहेत.

पहिलं काम, फोटो सरळ करा. दाराची चौकट उभ्या रेषेत आणा. डोळ्याला कशामुळे खटकतंय ते कळत नाही, पण दोन अंशांचा कलही बघणाऱ्याला अस्वस्थ करतो. समुद्राचा फोटो असेल तर क्षितिज आडवं हवं, घरातला असेल तर भिंतीची किंवा दाराची कड उभी हवी. बोरीबंदरची इमारत खालून टिपली की मनोरे मागे झुकल्यासारखे दिसतात, त्यासाठी ‘पर्स्पेक्टिव्ह’ नावाची वेगळी सोय असते. तुमच्या फोटोला तिची गरज नाही. उजव्या कडेला अर्धी खुर्ची आणि कुणाचा तरी गुडघा आलाय, तेवढं क्रॉप करा. समई मात्र पूर्ण राहू द्या, तिचा पाय कापू नका.

दुसरं काम प्रकाशाचं. इथे घाई करू नका, कारण मळकटपणाचं उत्तर इथेच आहे. जवळपास प्रत्येक मोठ्या अ‍ॅपमध्ये हिस्टोग्राम नावाचा डोंगरासारखा आलेख असतो. डावं टोक म्हणजे काळं, उजवं टोक म्हणजे पांढरं. जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाला शून्यापासून २५५ पर्यंत २५६ पायऱ्या असतात. तुमच्या फोटोचा डोंगर मधोमध गोळा झालाय, डावीकडे जागा रिकामी आहे. याचा अर्थ फोटोत खरं काळं कुठेच नाही. भाचीचे केसही राखाडी आहेत, म्हणूनच सगळ्यावर धुळीचा थर बसल्यासारखं वाटतं. ‘ब्लॅक्स’ची पट्टी हळूहळू डावीकडे घ्या. केसांच्या सावलीतला सगळ्यांत गडद भाग काळा झाला की थांबा. मग ‘व्हाइट्स’ थोडं वर न्या, समईच्या पितळेवरची चमक पांढरी होईपर्यंत. एवढ्यानेच फोटो पुसल्यासारखा स्वच्छ होतो. स्नॅपसीडमध्ये या दोन वेगळ्या पट्ट्या मिळाल्या नाहीत तर ‘कर्व्ह्ज’ उघडा आणि रेषेची दोन टोकं आत सरकवा, काम तेच होतं. मळकट फोटो दिसला की बहुतेकजण सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवतात. त्याने रंग ओरडायला लागतात आणि धूळ तशीच राहते.

मग चेहरा. दारातून आलेल्या उजेडामुळे कॅमेऱ्याने एकूण प्रकाश कमी धरला आणि खोलीतली माणसं काळवंडली. ‘एक्स्पोजर’ अर्धा ते पाऊण स्टॉप वाढवा. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट, त्यामुळे अर्ध्यानेही बराच फरक पडतो. ‘शॅडोज’ थोडे उचला, पण बेताने. अंधारातून ओढून काढलेल्या भागात दाणे दिसायला लागतात, आणि सगळ्या सावल्या उचलल्या की चेहऱ्याची गोलाई जाऊन तो कागदासारखा सपाट होतो. सावली चेहऱ्याला आकार देते. नाकाच्या एका बाजूची, हनुवटीखालची सावली राहिलीच पाहिजे. नथ उठून दिसते तीसुद्धा गालावर पडलेल्या तिच्या सावलीमुळे.

दाराबाहेरचा पांढरा फटक भाग मात्र गेला, असं समजा. जेपीईजीत जिथे तिन्ही रंग २५५ ला पोचले तिथे काही माहितीच उरत नाही, ‘हायलाइट्स’ कितीही खाली ओढलेत तरी फक्त राखाडी डाग मिळेल. तोच क्षण भावाच्या डीएसएलआरवर रॉमध्ये टिपला असेल तर तो वापरा. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये २५६ च्या जागी १६,३८४ पायऱ्या असतात, आणि गॅलरीचा कठडा, समोरची चाळ यातलं काहीतरी बऱ्याचदा परत मिळतं. त्याच कॅमेऱ्यावर पुढच्या वेळी मुद्दाम थोडा अंधारा फोटो काढायची सवय लावा. अंधारं उजळता येतं, जळालेलं परत येत नाही.

एक शंका मात्र कुठल्याही पट्टीने मिटणार नाही. मोबाइलवरच्या काही फोटोंत दिव्याभोवती धुरकट झाक आहे. मला ती लेन्सवरच्या बोटाच्या तेलाची वाटते. कार्याच्या दिवशी हाताला हळदकुंकू, तेल, पेढे सगळं लागलेलं असतं आणि बोट नेमकं लेन्सवर जातं. मऊ सुती कापडाने लेन्स पुसत राहणं हे सगळ्यांत स्वस्त एडिटिंग आहे.

तिसरं काम रंगाचं, म्हणजे व्हाइट बॅलन्सचं. तुमचा हिरवट चेहरा इथे सुटेल.

प्रत्येक प्रकाशाला स्वतःचा रंग असतो, तो केल्विनमध्ये मोजतात. समईची ज्योत साधारण १९०० केल्विन, जुना पिवळा बल्ब २७०० च्या आसपास, दुपारचं ऊन ५५०० च्या जवळ, आणि ढगाळ दिवशी सावलीतला उजेड ७००० च्या वर. आकडा वाढला की प्रकाश निळा होत जातो. आपला मेंदू हा फरक गुपचूप भरून काढतो, म्हणून घरात पांढरी साडी आपल्याला पांढरीच दिसते. कॅमेऱ्याला ते नीट जमत नाही. ट्यूबलाइटची आणखी एक खोड आहे. तिच्यात पारा असतो, आणि पाऱ्याच्या प्रकाशात हिरव्या रंगाची एक तीव्र रेघ असते. डोळ्याला ती कळत नाही, फोटोत मात्र गालांवर उतरते. म्हणून नुसती ‘टेम्परेचर’ची निळी-पिवळी पट्टी हलवून तुमचा हिरवेपणा जाणार नाही. तिच्याखालची ‘टिंट’ची पट्टी घ्या आणि ती मॅजेंटाकडे, गुलालाच्या रंगाकडे, थोडी सरकवा. आठ-दहा अंक पुरतात. मी शिकवलेल्या जवळजवळ प्रत्येकाने टिंटला पहिल्या वर्षात हातच लावलेला नव्हता, आणि घरातले फोटो बिघडायचं सगळ्यांत मोठं कारण तेच असायचं.

अ‍ॅपमध्ये एक ड्रॉपर असतो. फोटोतल्या पांढऱ्या किंवा राखाडी गोष्टीवर तो ठेवला की अ‍ॅप रंग आपोआप बसवतं. तो तुम्ही आजोबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर टेकवलात असं लिहिलंय आणि फोटो पिवळा झाला म्हणता. बरोबर आहे, तसंच होणार. आपल्याकडे पांढरे कपडे नीळ घालून धुतात, आणि डिटर्जंटमध्येही शुभ्रता वाढवणारे पदार्थ असतात. तो पांढरा रंग मुळात निळसर असतो. अ‍ॅपने तो निळा काढून टाकला आणि बदल्यात सगळी खोली पिवळी केली. ड्रॉपरसाठी सिमेंटचा कठडा, राखाडी लादी असं काही शोधा. स्टीलची भांडी वापरू नका, त्यांच्यात आजूबाजूचे रंग दिसत असतात. काहीच मिळालं नाही तर ड्रॉपर सोडा आणि चेहऱ्याकडे बघून पट्टी हलवा.

तीन प्रकाशांचा मात्र एकाच पट्टीने निकाल लागत नाही. भाचीच्या चेहऱ्याची दाराकडची बाजू निळसर आहे, दुसरी हिरवट. दोन्ही एकदम बरोबर येणार नाहीत. अशा वेळी मी चेहऱ्याच्या मोठ्या, उजळ भागाला प्रमाण मानतो. तुमच्या फोटोत ती दाराकडची बाजू आहे. ती जुळली की ब्रश किंवा ‘सिलेक्टिव्ह’ घेऊन उरलेल्या गालावर तेवढ्यापुरता बदल करा. कुठलं अ‍ॅप ब्रशने फक्त सॅच्युरेशन कमी करू देत असेल तर तेही चालतं, हिरवटपणा निम्मा मरतो. समईच्या ज्योतीला आणि तिच्या उजेडात न्हालेल्या हातांना हात लावू नका. तिथला केशरी रंग खरा आहे. तो काढून पांढरा केलात तर समई विझल्यासारखी वाटेल. रंग ‘बरोबर’ करायच्या नादात लोक संध्याकाळची दुपार करून टाकतात. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा किती मुंबईकर हळहळले, आठवत असेल. प्रकाशाच्या रंगाशी आपल्या आठवणी जोडलेल्या असतात.

आणि पुढच्या कार्याला, दारातून पुरेसा उजेड येत असेल तर फोटोपुरती ट्यूबलाइट बंदच करा. भाचीला दाराकडे थोडं वळवून बसवा. एडिटिंगचा अर्धा तास तिथेच वाचेल.

आता मुलाकडच्यांची मागणी. ‘जरा उजळ करा.’ माझ्या स्टुडिओत हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. चेहऱ्यावर प्रकाश कमी पडला असेल तर तो वाढवणं आपलं काम आहे आणि ते वर आपण केलंच. पण मुलीचा वर्णच बदलणं, ते मी करत नाही, तुम्हीही करू नका असं मनापासून सांगतो.

हे मी एका चुकीतून शिकलो. फार वर्षांपूर्वी एका लग्नात नवरीचा चेहरा सांगितल्याप्रमाणे दोन-तीन छटा फिकट करून दिला होता. तिच्या आईने प्रिंट हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, “ही आमची मुलगी नाही ना?” त्या बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं होतं. तो फोटो मी परत घेतला आणि दुसरा दिला. अशी कामं जुनी आहेत. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये सुरू झाली, आणि शिसपेन्सिलीने निगेटिव्हवर सुरकुत्या मिटवणं, फोटोंना हाताने रंग भरणं हे एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंतही चालत होतं. सोय जुनी आहे म्हणून ती प्रत्येक वेळी वापरायची असं नाही.

तंत्राच्या बाजूनेही फिकट करणं फसतं. माणसाच्या त्वचेत, मग ती गोरी असो, सावळी असो की काळी, लाल सगळ्यांत जास्त, हिरवा मधला आणि निळा सगळ्यांत कमी असतो. हा क्रम टिकला की त्वचा जिवंत दिसते. फिकट करताना हे तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येतात आणि चेहरा राखेच्या रंगाचा होतो. शिवाय चेहरा फिकट झाला तरी मान आणि हात तसेच राहतात, आणि बांगड्या घातलेला तो हात नेमका चेहऱ्याशेजारी असतो. सावळ्या चेहऱ्यावर कपाळाची, गालाच्या उंचवट्याची चमक फार सुंदर येते. एक्स्पोजर नीट ठेवा आणि त्या चमकेला जपा. फोटो देताना मुलाकडच्यांना म्हणा, ‘प्रकाश वाढवलाय, बघा किती छान आली आहे.’ माझ्या अनुभवात दहातल्या नऊ जणांना तेवढंच हवं असतं, त्यांच्याकडे सांगायला दुसरा शब्द नसतो. पुटकुळी, डास चावल्याची खूण असेल तर ‘हीलिंग’ने, म्हणजे डाग आजूबाजूच्या भागाने भरून काढणाऱ्या सोयीने, काढा, ती आठवड्यात जाणारच होती. तीळ, व्रण, डोळ्यांकडेच्या हसण्याच्या रेघा ठेवा. त्वचा गुळगुळीत करणारं ब्यूटी मोड तर पूर्ण बंद, फिल्टरमधल्या मेणाचा उगम तोच आहे.

रंग गडद करायचेच असतील तर ‘सॅच्युरेशन’ऐवजी ‘व्हायब्रन्स’ वापरा. ते फिके रंग जास्त उचलतं, आधीच गडद असलेल्यांना कमी ढकलतं आणि त्वचेला सांभाळून घेतं. जांभळी पैठणी, गुलाल, बेस्टची लाल बस, गणपतीच्या मांडवातले निळे-जांभळे एलईडी, हे सगळे असे रंग आहेत की त्यांच्यात एक रंग आधीच २५५ च्या उंबरठ्यावर उभा असतो. सॅच्युरेशन वाढवलंत की तो टोकाला जाऊन आपटतो आणि कापडाची वीण, निऱ्या, काठावरचे मोर एका सपाट धब्ब्यात विरघळतात. पैठणीत उलट करा, जांभळा पाच-दहा अंकांनी कमी करा. काठावरची जरी लगेच सुटी दिसायला लागते.

दाणे कमी करणं आणि शार्पनिंग ही सगळ्यांत शेवटची कामं, दोन्ही थोडीच. डोळ्यांच्या पापण्या स्पष्ट झाल्या की पुरे. केसांभोवती पांढरी कड दिसली म्हणजे जास्त झालं. हललेला फोटो शार्पनिंगने सुधारत नाही. फोटो झाला असं वाटलं की मूळ फोटोशी तुलना करा, बहुतेक अ‍ॅपमध्ये बोट दाबून धरलं की मूळ दिसतो. मग मोबाइल ठेवा, चहा करून या आणि परत बघा. मी स्वतः परत आल्यावर जवळपास नेहमी काही ना काही कमी करतो, वाढवत क्वचितच.

नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो टाकलात तर तो लहान होऊन, दाबला जाऊन पोचतो. ज्यांना छापायचा आहे त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जेपीईजीची क्वालिटी ९० च्या आसपास ठेवा आणि रंगांसाठी एसआरजीबी निवडा, म्हणजे सगळ्यांच्या स्क्रीनवर आणि साध्या लॅबमध्ये रंग जवळपास सारखे येतील. छापण्याचा हिशेब सोपा आहे, इंचाला ३०० पिक्सेल. चार बाय सहाला १२०० बाय १८०० पिक्सेल, आठ बाय बाराला २४०० बाय ३६००. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा ४००० बाय ३००० चा फोटो आठ बाय बाराला सहज पुरतो. फक्त आकार बघा: मोबाइलचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि चार बाय सहाचा कागद तीनास दोन. लॅब वरून-खालून मिळून नववा हिस्सा कापते, आणि समूह फोटोत नेमकं मागच्या रांगेतल्यांचं डोकं जातं. लॅबवर सोडू नका, आधी स्वतः तीनास दोनमध्ये क्रॉप करून द्या.

राहिलं कॅलेंडर आणि कपडे. दोरीवरचा टॉवेल भाचीच्या डोक्यामागून निघाल्यासारखा दिसतोय, तो काढा. मागे साधी भिंत असल्याने ‘हीलिंग’चं बोट दोन-तीनदा फिरवलं की जाईल. आधी फोटो मोठा करा आणि एका फटक्यात सगळा पुसू नका, तुकड्यातुकड्याने घ्या. डोक्याच्या कडेला मात्र अगदी बारीक जा. आजकाल मोबाइलमध्ये एका स्पर्शाने वस्तू गायब करणारी सोय आली आहे. ती पुसलेल्या जागी काय असावं हे अंदाजाने रचते, म्हणून केस, बोटं आणि दागिन्यांच्या जवळ तिच्यावर भरवसा ठेवू नका. नथीचा एखादा मोती ती स्वतःच्या मनाने घडवून देईल.

कॅलेंडर मी काढणार नाही. त्याच्यावर प्रकाश जास्त पडलाय म्हणून नजर तिकडे जाते. ‘सिलेक्टिव्ह’ने तेवढाच भाग अर्धा स्टॉप खाली आणा, नजर परत चेहऱ्यावर येते. पूर आलेल्या वर्षी जे अल्बम माझ्याकडे आले, त्यातल्या एका लग्नाच्या फोटोवर मागे काहीच लिहिलेलं नव्हतं आणि घरात विचारायला कुणी जुनं माणूस उरलं नव्हतं. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावरून महिना आणि साल कळलं. तुमच्या फोटोत महिना स्पष्ट वाचता येतोय, आणि तारखेच्या चौकोनात कुणीतरी पेनाने ‘साखरपुडा’ असं लिहून गोल केलेलाही दिसतोय. फोटो मोठा करून बघा.